केमोपोर्ट धुऊन घेण्याची सेवा : दोन वर्षांचा अनुभव

मार्च २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी माझ्या उजव्या कॉलरबोनखाली केमोपोर्ट बसवण्यात आला. केमोथेरपीच्या लाल रंगाच्या औषधाचे चार डोस, त्यानंतर बारा आठवडे पॅक्लिटॅक्सेल आणि त्याच सुमारास सुरू होऊन वर्षभर दर तीन आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅब, असे सारे काही त्वचेखालच्या त्या लहानशा डबीतून शरीरात गेले आणि हाताची एकही शीर जळाली नाही. जून २०२३ मध्ये उपचार संपले, तेव्हा पोर्ट आणखी काही काळ राहू द्यावा, असे डॉक्टरांनी सुचवले. औषध चालू होते तोवर दर तीन आठवड्यांनी पोर्ट आपोआप धुतला जात होता. उपचार थांबल्यावर मात्र, वापरात नसलेला पोर्ट निव्वळ चालू राहावा म्हणून ठरावीक अंतराने कुठेतरी जाऊन धुऊन घेणे हे स्वतंत्र काम होऊन बसले. हा लेख त्या कामाविषयी आहे.

मी ज्या सेवेचे परीक्षण लिहीत आहे, ती नाशिकमधील एका लहान डे-केअर केंद्रात मिळते आणि डिसेंबर २०२३ पासून मी तेथे जाते. केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तेथील अनुभवी सिस्टर उद्या दुसरीकडे गेल्या, तर पाटीवरचे नाव तेच राहील आणि काम बदलेल. त्यापेक्षा रुग्णाने त्या पंधरा मिनिटांत नेमके काय पाहावे हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते. त्याआधीचे पाच महिने मी घराजवळच्या दुसऱ्या एका ठिकाणी जात होते. तेथील अनुभव चांगला नव्हता, आणि त्या तुलनेमुळेच या सेवेची किंमत मला कळली.

पोर्ट का धुवावा लागतो, हे समजल्याशिवाय सेवा चांगली की वाईट हे ठरवता येत नाही. पोर्ट म्हणजे टायटॅनियमची किंवा कठीण प्लास्टिकची छोटी डबी. तिच्या वरच्या बाजूला सिलिकॉनचा जाड पडदा असतो आणि डबीतून निघालेली बारीक नळी मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तोंडापर्यंत जाते. डबी आणि नळी मिळून आत साधारण एक मिलीलिटरच्या आसपासच द्रव मावतो. वापर नसताना तो तेथे स्थिर उभा राहतो. नळीचे टोक मात्र वाहत्या रक्तात असते, त्यामुळे सुई काढताना किंवा खोकल्याच्या उबळीत थोडे रक्त मागे नळीत शिरले, तर ते तेथेच गोठते. टोकाभोवती फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचा, पापुद्रा धरतो, डबीच्या कोपऱ्यात रक्ताचे आणि औषधाचे अंश साचतात, आणि त्या साक्यावर जंतूंना घर मिळते. धुणे म्हणजे हा साका काढून टाकणे, आणि लॉक करणे म्हणजे धुतल्यानंतर आत असा द्रव भरून ठेवणे की रक्त मागे येणार नाही. ही दोन वेगळी कामे आहेत. आधीच्या ठिकाणी ती एकच समजली जात होती.

त्या आधीच्या ठिकाणी स्टँडला टांगलेल्या सलाईनच्या बाटलीत सुई खुपसलेली असे आणि दिवसभर येणाऱ्या सगळ्यांसाठी त्याच बाटलीतून सिरिंज भरली जाई. सिरिंज पाच मिलीलिटरची असे. सुई टोचली की रक्त मागे येते का, हे न पाहता एका दमात सलाईन ढकलले जाई, त्यामागून हेपरिन हे रक्त गोठू न देणारे औषध, आणि मग सुई काढून कापसाचा बोळा. सगळे मिळून तीन मिनिटे. मी एकदा विचारले, तेव्हा “आत जातंय ना, मग चालू आहे,” असे उत्तर मिळाले. त्या वेळी मला ते पटले होते, हे मी येथे प्रामाणिकपणे लिहिते, कारण बहुतेक रुग्णांना ते पटते.

आता या केंद्राविषयी. पहिल्याच भेटीत सिस्टरांनी माझ्याकडून पोर्टचे कार्ड मागितले. पोर्ट बसवताना रुग्णाला असे एक कार्ड मिळते. त्यावर पोर्ट कोणत्या कंपनीचा, त्याचा क्रमांक, आणि सीटी स्कॅनच्या वेळी दाबाने औषध सोडण्यास तो चालतो की नाही, हे असते. काही नळ्यांच्या टोकाला झडप असते आणि त्या नुसत्या सलाईनने लॉक करायच्या असतात, म्हणून हे कार्ड महत्त्वाचे. आधीच्या ठिकाणी पाच महिन्यांत ते कोणी पाहिले नव्हते.

त्यांनी स्वतः मास्क लावला, मलाही लावायला दिला आणि मान डावीकडे वळवायला सांगितली. हात धुऊन निर्जंतुक ग्लोव्ज घातले. त्वचेवर अल्कोहोलमधील क्लोरहेक्सिडीन घासून लावले आणि ते पूर्ण वाळेपर्यंत थांबल्या. वाळू देणे हा या कामाचाच भाग आहे. ओल्या त्वचेवर सुई टोचली, तर जंतुनाशकाला काम करायला वेळच मिळत नाही. सुई टोचण्याआधीच ती सलाईनने भरून घेतली होती, म्हणजे तिच्या नळीतली हवा माझ्या शिरेत जाणार नव्हती. मग डबी तीन बोटांत घट्ट धरून त्यांनी सुई सरळ काटकोनात तळाला टेकेपर्यंत नेली.

सुई ह्यूबरचीच हवी, यात तडजोड नाही. साध्या सुईचे तोंड सिलिकॉनच्या पडद्याचा बारीक तुकडा कापून काढते. पुन्हा पुन्हा तसे झाले, तर पडदा गळू लागतो. ह्यूबर सुईचे टोक किंचित वळवलेले असते, त्यामुळे ती पडद्याला न कापता बाजूला सारत आत जाते आणि काढल्यावर पडदा पुन्हा मिटतो. ही रचना सिएटलचे एक दंतवैद्य राल्फ ह्यूबर यांची, १९४०च्या दशकातली. पोर्टचे पहिले वृत्तांत १९८२ मध्ये आले, म्हणजे सुई पोर्टपेक्षा कितीतरी जुनी आहे. योग्य सुई वापरली, तर पडदा हजाराच्या घरात टोचणी सहन करतो. या केंद्रात वेगवेगळ्या लांबीच्या ह्यूबर सुया ठेवलेल्या असतात आणि सुई प्रत्येक वेळी माझ्यासमोर पाकीट फोडून काढली जाते.

सुई आत गेल्यावर सिस्टरांनी दहा मिलीलिटरची सिरिंज जोडली आणि सर्वप्रथम दट्ट्या मागे ओढला. रक्त आले नाही. पुन्हा हलकेच थोडे सलाईन ढकलून ओढले, तरी नाही. माझ्या मनात लगेच तेच वाक्य आले, आणि मी म्हणालेही, “आत तर जातंय ना?” त्यावर त्यांनी काम थांबवून जे समजावले, ते मी विसरणार नाही. “काकू, आत जाणं आणि बाहेर येणं या दोन्ही गोष्टी झाल्या, तरच पोर्ट चालू आहे असं म्हणायचं.” नळीच्या टोकावर फायब्रिनचा पापुद्रा लोंबत असला, तर द्रव जाताना तो बाजूला होतो आणि ओढताना टोकावर चिकटून बसतो, एकतर्फी झडपेसारखा. क्वचित नळी सरकलेली किंवा चिरलेली असते. अशा पोर्टमधून लाल औषधासारखे, ऊती जाळणारे औषध दिले आणि ते शिरेऐवजी त्वचेखाली पसरले, तर होणारी जखम भयंकर असते. रक्त परत येते की नाही हे पाहणे म्हणजे पोर्ट सुरक्षित आहे का, याची सर्वात साधी आणि सर्वात आवश्यक तपासणी.

त्यांनी मला हात डोक्यावर न्यायला लावला, खोकायला सांगितले, पाठीवर झोपवले, एका कुशीवर वळवले. काही उपयोग झाला नाही, तेव्हा जोर न लावता त्या थांबल्या आणि डॉक्टरांना बोलावले. एक्स-रे काढून नळी जागेवर असल्याची खात्री केली. मग डॉक्टरांच्या लेखी सूचनेनुसार गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज दोन मिलिग्रॅम, दोन मिलीलिटर द्रवात, पोर्टमध्ये सोडून ठेवले. अर्ध्या तासाने पाहिले, तेव्हा रक्त आले नाही; दोन तासांनी आले. आलेले पहिले चार-पाच मिलीलिटर रक्त टाकून दिले, कारण त्यात ते औषध होते, आणि मग वीस मिलीलिटर सलाईनने पोर्ट धुतला. सकाळी दहाला गेलेली मी दुपारी दोनला घरी आले. हे औषध मोठ्या कुपीतून लागेल तेवढे काढावे लागत असल्यामुळे तो खर्चही जड होता. आधीच्या ठिकाणच्या हातांमुळेच पोर्ट अडला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण असा पापुद्रा चांगल्या हातांतही धरू शकतो. पण तो महिनोन्महिने कोणाच्या लक्षातही आला नाही, ही गोष्ट माझ्या दृष्टीने अक्षम्य आहे.

धुण्याची पद्धत हा या सेवेचा सर्वात चांगला भाग. सिस्टर दहा मिलीलिटर सलाईन एका लयीत, तुकड्यातुकड्यांनी ढकलतात: एक मिलीलिटर, क्षणभर विराम, पुन्हा एक मिलीलिटर. बाहेरून पाहताना अंगठ्याने ठेका धरल्यासारखे वाटते. अखंड, संथ दाबाने ढकललेला द्रव नळीच्या मधोमध सरळ धावतो आणि कडांना चिकटलेला थर तसाच राहतो. थांबून-थांबून ढकलले, की प्रत्येक धक्क्याला आत भोवरे उठतात आणि कडा घासल्या जातात. फ्रान्समधील संशोधकांनी प्रयोगशाळेत नेमके हेच तपासले. एकेका मिलीलिटरचे दहा धक्के, दोन धक्क्यांमध्ये सुमारे ०.४ सेकंदांचा विराम, अशी पद्धत अखंड दाबापेक्षा साका अधिक काढते, आणि जंतूंचा शिरकाव असलेल्या नळ्याही तिने अधिक स्वच्छ होतात, असे त्यांना आढळले. त्याच प्रकारच्या प्रयोगांतून आणखी एक बारकावा पुढे आला: ह्यूबर सुईचे तोंड नळीच्या बाजूला न ठेवता तिच्या बरोबर विरुद्ध बाजूला ठेवले, तर सलाईन आधी संपूर्ण डबीत फिरते आणि मग बाहेर पडते, त्यामुळे डबी अधिक स्वच्छ होते. या सिस्टर सुई टोचण्याआधी तिच्या पंखांवरून तोंडाची दिशा पाहून घेतात. एवढी काळजी घेणारे हात मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

सिरिंज दहा मिलीलिटरचीच का, हेही त्यांनीच सांगितले. अंगठ्याचा जोर तोच असला, तरी सिरिंज जितकी बारीक, तितका आत तयार होणारा दाब जास्त. अडलेल्या नळीवर तीन किंवा पाच मिलीलिटरच्या सिरिंजने जोर केला, तर नळी फाटू शकते किंवा डबीपासून सुटू शकते. येथे कारखान्यातूनच सलाईन भरून येणारी, एका रुग्णाला एकदाच वापरायची सिरिंज वापरतात. ती साध्या सिरिंजपेक्षा महाग पडते, पण टांगलेल्या बाटलीचा प्रश्नच मिटतो. एका बाटलीत सुया खुपसून अनेकांसाठी सलाईन काढणे हा जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पोहोचवण्याचा राजमार्ग आहे, आणि केमोथेरपीने पांढऱ्या पेशी उतरलेल्या माणसांच्या खोलीत तर तो मुळीच चालता कामा नये. या भरलेल्या सिरिंजचा एक त्रास मात्र सांगायला हवा. सलाईन आत जाताच जिभेवर खारट आणि नाकात औषधी वास येतो, कधी मळमळते. हे अनेकांना होते, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मी त्या वेळी तोंडात लिमलेटची गोळी ठेवते आणि त्याने पुष्कळ फरक पडतो.

शेवटचा टप्पा लॉकचा. याविषयी रुग्णांमध्ये सर्वात जास्त गैरसमज आहेत, कारण हेपरिन हे औषध असल्यामुळे पोर्ट तेच वाचवते, असे आपण धरून चालतो. बहुतेक ठिकाणी प्रति मिलीलिटर १०० युनिट तीव्रतेचे हेपरिन तीन ते पाच मिलीलिटर भरतात. पण बेल्जियममधील लुव्हेन येथे ८०२ कर्करुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या सलाईनने लॉक केलेले पोर्ट आणि हेपरिनने लॉक केलेले पोर्ट यांत रक्त न येण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. तेथे धुण्याची आणि सुई काढण्याची पद्धत दोन्ही गटांत काटेकोरपणे पाळली गेली होती, हे मला त्यातले खरे मर्म वाटते. नळी नीट धुतली गेली असेल आणि रक्त मागे शिरू दिले नसेल, तर आत सलाईन आहे की हेपरिन, याने फारसे बिघडत नाही. धुण्यात हयगय झाली, तर हेपरिन ती भरून काढत नाही.

शिवाय हेपरिनमध्ये चुकीला जागा असते. आपल्याकडे हेपरिनच्या कुप्या प्रति मिलीलिटर १,००० आणि ५,००० युनिट अशा मिळतात आणि त्या सलाईनमध्ये पातळ करून घ्याव्या लागतात. पाच मिलीलिटर लॉकसाठी हवे असतात ५०० युनिट, म्हणजे मोठ्या तीव्रतेच्या कुपीतला जेमतेम ०.१ मिलीलिटर. घाईत कुपी बदलली किंवा दशांश चुकला, की मात्रा पाचपट, दहापट होते. २००७ मध्ये अमेरिकेत अभिनेते डेनिस क्वेड यांच्या नवजात जुळ्यांना नळी धुण्यासाठी प्रति मिलीलिटर १० युनिटऐवजी १०,००० युनिटचे हेपरिन दिले गेले होते. दोन्ही कुप्यांची लेबले एकसारखी दिसत होती. बाळे वाचली, पण तो प्रसंग जगभरच्या परिचारिकांना शिकवला जावा असाच आहे. आमच्या केंद्रात हेपरिन पातळ करताना दुसरी सिस्टर कुपी पाहून मोठ्याने तीव्रता वाचते आणि सिरिंजवर लेबल लावते. डिसेंबरमधील त्या प्रसंगामुळे माझ्यासाठी डॉक्टरांनी हेपरिन चालू ठेवले आहे. माझ्यासोबत येणाऱ्या एका काकांना हेपरिनमुळे प्लेटलेट कमी होण्याचा त्रास पूर्वी झाला असल्यामुळे त्यांना नुसते सलाईन भरतात. हा निर्णय डॉक्टरांचा असतो आणि तो कार्डावर लिहिलेला असतो.

लॉक भरताना शेवटचा अर्धा मिलीलिटर बाकी असतानाच सिस्टर दट्ट्या दाबत-दाबत क्लॅम्प लावतात. सिरिंज पूर्ण रिकामी केली, तर रबरी टोक तळाला दबते, आणि बोट उचलताच ते मागे उसळून थोडे रक्त नळीच्या टोकात ओढून घेते. सुई काढतानाही दोन बोटांनी डबी दाबून धरलेली असते. सुई सरळ वर येते, आणि रक्ताचा थेंबही दिसत नाही.

तक्रारी दोन आहेत. पहिली अंतराविषयी. केंद्र सर्वांना सरसकट चार आठवड्यांनी बोलावते. उत्पादकांच्या पत्रकात तसे असते हे खरे, पण अमेरिकेच्या इन्फ्यूजन नर्सेस सोसायटीच्या २०२१च्या मानकांतही, वापरात नसलेला पोर्ट दहा मिलीलिटर सलाईन आणि हेपरिनने दर तीन महिन्यांनी धुतला तरी तो सुरक्षितपणे चालू राहतो, असे नमूद आहे. प्रत्येक भेट म्हणजे एक टोचणी, एक सुईचा खर्च, जंतुसंसर्गाची एक शक्यता, आणि सिन्नर किंवा दिंडोरीहून येणाऱ्या माणसाची एका दिवसाची मजुरी. मी माझ्या डॉक्टरांना विचारले. माझा पोर्ट एकदा अडलेला असल्यामुळे त्यांनी मला तीन महिने न देता आठ आठवडे दिले, आणि गेले वर्षभर प्रत्येक वेळी रक्त व्यवस्थित येत आहे. केंद्राने ही चर्चा रुग्णाशी आपणहून करायला हवी. रुग्णाने विचारेपर्यंत थांबू नये.

दुसरी तक्रार नोंदीची. तारीख, सुईची लांबी, रक्त आले की नाही, किती सलाईन, कोणते लॉक, हे सर्व केंद्राच्या वहीत लिहिले जाते, पण रुग्णाच्या हातात काही मिळत नाही. मी एक छोटी वही नेते आणि सिस्टर तीत आनंदाने लिहून सही करतात. मागच्या पावसाळ्यात तापामुळे मला दुसऱ्या शहरात दाखल व्हावे लागले, तेव्हा तेथील डॉक्टरांनी पहिल्यांदा ती वहीच वाचली.

बाकी बसण्याची जागा लहान आहे, रविवारी सेवा बंद असते, सुई आणि सिरिंज धरून एका भेटीचे बिल माझ्या आधीच्या ठिकाणापेक्षा जवळपास दुप्पट होते, आणि भूल देणारे मलम हवे असेल, तर ते घरूनच तासभर आधी लावून यावे लागते. यांपैकी कशासाठीही मी हे केंद्र सोडणार नाही. घरी येऊन पोर्ट धुऊन देणाऱ्या सेवाही शहरात आहेत, पण रक्त आले नाही तर एक्स-रे आणि डॉक्टर त्याच इमारतीत असावेत, एवढे मला त्या डिसेंबरच्या सकाळनंतर आवश्यक वाटते. पोर्ट घरच्या माणसाने स्वतः टोचू नये, हे तर सांगायलाही नको.

बाहेरगावाहून प्रथमच येणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करून वजनातला बदल आणि पोर्ट त्वचेखाली खोल आहे की वर, हे सांगून ठेवावे, म्हणजे योग्य लांबीची सुई बाजूला काढून ठेवतात. पोर्टचे कार्ड आणि डॉक्टरांची लॉकविषयीची चिठ्ठी सोबत आणावी, पुढून उघडणारा सदरा किंवा ब्लाऊज घालावा. पोर्टवर लाली, सूज, दुखणे किंवा आदल्या रात्री थंडी वाजून ताप आला असेल, तर ते खुर्चीत बसण्याआधी सांगावे, कारण अशा वेळी सिस्टर सुईला हात न लावता आधी डॉक्टरांना बोलावतात.